खातं कुणाचं, किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, या अंकासाठी मी कॉम्प्युटरमधली खाती आणि पासवर्ड यांबद्दल लिहिणार आहे असं बैठकीत सांगितलं, तेव्हा दोघीजणी हसल्या. "मारहाण, पोटगी, पोलिसांची टाळाटाळ हे प्रश्न संपले का?" असं एकीने विचारलंही. तिचा प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याची पदवी घेतलेली कार्यकर्ती. प्रोग्राम कसा लिहितात हे मला कुणी शिकवलेलं नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या केंद्रात जे घडलं त्यावरून माझी खात्री पटली आहे, की हा विषय मारहाणीच्या आणि पोटगीच्या प्रश्नापासून वेगळा नाही.

आमचं समुपदेशन केंद्र एका जिल्ह्याच्या गावी आहे. पूर्वी केसच्या फायली लोखंडी कपाटात असायच्या आणि कपाटाची किल्ली केंद्रप्रमुखाच्या पर्समध्ये. मग एका ओळखीच्या गृहस्थांनी मोफत प्रोग्राम करून दिला आणि आम्ही सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या. आत शिरायला सगळ्यांना मिळून एकच नाव, 'केंद्र', आणि एकच पासवर्ड. तो पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला तेव्हा वाटलंच नाही. आम्ही सगळ्या बायकाच, एकमेकींपासून लपवायचं काय?

दोन वर्षांपूर्वी एक बाई दोन मुलांना घेऊन रात्री आमच्याकडे आली. नवऱ्याने तिला जाळण्याची धमकी दिली होती. आम्ही तिला दुसऱ्या तालुक्यातल्या एका निवारागृहात ठेवलं. तिथला पत्ता फक्त तिच्या फायलीत होता. बाराव्या दिवशी तिचा दीर दोन माणसं घेऊन त्या निवारागृहाच्या दारात उभा राहिला. तिथल्या बायकांनी दार उघडलं नाही, पोलीस आले, अनर्थ टळला. पण त्याच रात्री तिला तिसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली तिची मुलगी पुन्हा घरी बसली.

पत्ता बाहेर गेला कसा? आम्ही प्रोग्राममध्ये शोधलं. त्या बारा दिवसांत फाईल नऊ वेळा उघडली होती आणि नऊही वेळा उघडणाऱ्याचं नाव एकच होतं, 'केंद्र'. केंद्रात तेव्हा आम्ही सहा कार्यकर्त्या, दोन शिकाऊ मुली, एक हिशेबनीस आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. प्रोग्रामच्या लेखी या दहाजणी मिळून एकच व्यक्ती होत्या.

पुढे जे झालं ते लिहायची आजही लाज वाटते. संशय हळूहळू मावशींकडे वळला. कुणी तसं उघड बोललं नाही, पण मावशी आल्या की बोलणं थांबायचं. मावशी त्या दिराच्याच वस्तीत राहतात, एवढाच काय तो पुरावा. तीन आठवड्यांनी मावशींनी काम सोडलं. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, त्या पेटीला मी कधी हात लावला नाही. पण हे तुमच्या पेटीला सांगता येईना." पत्ता कुणी दिला ते आजपर्यंत कळलेलं नाही. कदाचित आमच्यापैकी कुणीच दिला नसेल, दुसरीकडूनच फुटला असेल. पण मावशी निर्दोष आहेत हे सिद्ध करायचा एकही मार्ग आम्ही ठेवला नव्हता. आणि पुरावा नसला की दोष उतरंडीच्या सगळ्यात खालच्या माणसावर येतो, हे आपण समाजात रोज पाहतो. तेच आमच्या केंद्रातही झालं.

त्यानंतर एका जुन्या कार्यकर्तीच्या मुलीने, जी प्रोग्राम लिहायचं काम करते, दोन रविवार बसून आमचा प्रोग्राम उघडून वाचला. मी शेजारी बसून प्रश्न विचारत होते. तिने दाखवलं की प्रोग्राममध्ये 'वापरणाऱ्यांचा' एक तक्ता असतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक खातं, आणि खात्यात काय काय नोंदवायचं हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. माणूस म्हणजे काय, त्याला ओळखायचं कसं, त्याला काय पाहू द्यायचं, त्याचं गुपित कसं सांभाळायचं, हे सगळं त्या तक्त्याच्या रकान्यांत ठरून जातं. आमच्यासाठी ते एका सद्गृहस्थांनी एका संध्याकाळी ठरवलं होतं. आम्हाला त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तिने पहिली गोष्ट दाखवली ती अशी, की पासवर्ड तक्त्यात जसाच्या तसा लिहिलेला होता. 'पासवर्ड विसरलात का' हे बटण दाबलं की तोच पासवर्ड ई-मेलने परत यायचा, आणि आम्हाला ती मोठी सोय वाटायची. ती म्हणाली, "ताई, जो प्रोग्राम तुमचा पासवर्ड तुम्हाला परत सांगू शकतो, तो दुसऱ्यालाही सांगू शकतो." शिवाय प्रोग्रामच्या मजकुरातच एक दुसरं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवला होता, त्या गृहस्थांना दुरुस्तीसाठी केव्हाही आत शिरता यावं म्हणून. म्हणजे आम्ही समोरच्या दाराच्या किल्लीची चिंता करत होतो आणि मागच्या दाराची किल्ली घर बांधणाऱ्याकडेच राहिली होती.

मग पासवर्ड ठेवायचा कसा? तिने मला ते दळणाच्या उदाहरणाने समजावलं. गव्हाचं पीठ होतं, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही. पासवर्डचंही असंच दळण करता येतं, आणि त्यात विशेष असं की तोच शब्द त्याच जात्यात घातला तर पीठ दर वेळी हुबेहूब तेच येतं. प्रोग्रामने फक्त पीठ साठवायचं. तुम्ही पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळायचा आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहायचा. जुळलं तर दार उघडायचं. मूळ शब्द प्रोग्रामकडे राहतच नाही, म्हणून तो कुणाला सांगताही येत नाही.

पण चोरही हुशार असतो. '123456' किंवा मुलाचं नाव असे हजारो लोक वापरतात ते शब्द तो आधीच दळून ठेवतो आणि चोरलेल्या पिठाशी जुळवत बसतो. म्हणून प्रत्येक खात्याच्या दळणात वेगळं चिमूटभर मीठ टाकायचं. इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. मग दोघींचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं होतं आणि चोराचं आधीचं सगळं दळण वाया जातं. शेवटची गोष्ट, जातं मुद्दाम जड ठेवायचं. खऱ्या मालकिणीला एकदाच दळायचं असतं, तिला क्षणभराचा उशीर चालतो. चोराला कोट्यवधी वेळा दळावं लागतं, त्याची कंबर मोडते. असं जातं प्रत्येकाने घरी घडवायचं नसतं. बीक्रिप्ट हे 1999 साली लोकांसमोर आलं, आर्गॉन 2 हे 2015 साली खुल्या स्पर्धेतून निवडलं गेलं. दोन्ही फुकट मिळतात. म्हणजे संस्थेकडे पैसा नाही ही सबब इथे चालत नाही.

हे ज्ञान नवीन नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये एकच मोठा कॉम्प्युटर अनेकजण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. 1962 साली तिथल्याच अॅलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्याला कॉम्प्युटरचा वेळ जास्त मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाईल छापून घेतली. 1966 साली तर त्याच यंत्रणेत चुकून दोन फायलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. ते जसेच्या तसे साठवले होते, म्हणूनच हे होऊ शकलं. दळणाची आणि मिठाची रीत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 साली आपल्या लेखात सविस्तर मांडली. तरीही 2009 साली रॉकयू या कंपनीकडून 3 कोटींहून अधिक लोकांचे पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ते जसेच्या तसे लिहिलेले होते. 2012 साली लिंक्डइनचे चोरीला गेले, त्यांचं दळण केलेलं होतं पण मीठ नव्हतं. 2019 साली फेसबुकने स्वतःच कबूल केलं की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड कंपनीच्या आतल्या नोंदींमध्ये वाचता येतील अशा रूपात पडून होते. तक्त्यात सगळं नीट असलं तरी वाटेत कुठल्या तरी नोंदवहीत शब्द उतरला तर काय उपयोग? म्हणून त्या मुलीने आमच्या प्रोग्राममध्ये पासवर्डसाठी वेगळाच प्रकार केला. नाव, गाव, तारीख ही साधी अक्षरं, ती कुठेही छापता येतात. पासवर्ड मात्र 'छाप' म्हटलं तरी छापला जात नाही, त्याच्या जागी फक्त ठिपके येतात. कार्यकर्ती विसरेल, प्रोग्राम लिहिणारी विसरेल, म्हणून ती काळजी प्रोग्रामच्या रचनेतच घालून ठेवायची.

इथपर्यंतचं कुठलाही चांगला तंत्रज्ञ सांगेल. मला खरं बोलायचं आहे ते याच्या पुढचं. या सगळ्या रचनेत चोर हा बाहेरचा आहे, दूर कुठेतरी बसलेला, अनोळखी. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा चोर तिच्याच घरात जेवायला बसतो.

आम्ही एक योजना आखली होती, की बायकांना आपल्या केसची पुढची तारीख फोनवर पाहता यावी. आराखडा असा होता: मोबाईल नंबर हेच खातं. पासवर्ड विसरला तर त्या नंबरावर आकडे येतील, नाहीतर 'आईचं माहेरचं आडनाव काय' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मैत्रिणींनो, जरा विचार करा. आपल्याकडे लग्नपत्रिकेत मामाचं नाव आडनावासकट छापलेलं असतं. ते गुपित अख्ख्या गावाला वाटलेलं असतं, आणि सासरच्या कपाटात तर त्या पत्रिकेचा गठ्ठाच असतो. सिमकार्ड बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, फोन त्यानेच घेऊन दिलेला. म्हणजे प्रोग्रामने ज्या ज्या गोष्टीला बाईची 'ओळख' मानलं, ती ती गोष्ट नवऱ्याच्या हातात. प्रोग्रामच्या दृष्टीने तोच ती आहे!

असे प्रश्न तिकडेही फसले आहेत. 2008 साली अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ई-मेल खातं एका कॉलेज विद्यार्थ्याने उघडलं. विचारलेल्या प्रश्नांत 'नवऱ्याची भेट कुठे झाली' हाही एक होता, आणि उत्तरं जाहीर माहितीतून मिळाली. एका अनोळखी पोराला जे शोधता आलं ते नवऱ्याला शोधावंही लागत नाही. 2018 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या अत्याचारग्रस्त स्त्रियांशी बोलून हेच दाखवून दिलं, की छळ करणारा जोडीदार कुणी मोठा तंत्रज्ञ नसतो. तो समोरच्या दाराने, साध्या वापरणाऱ्यासारखाच आत येतो. त्याला पासवर्ड माहीत असतो, किंवा तो मारून वदवून घेतो.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. एकदा आत आलेल्या फोनला प्रोग्राम एक पास देऊन ठेवतो, एस.टी.च्या पाससारखा, म्हणजे दर वेळी पासवर्ड विचारायला नको. बाईने पासवर्ड बदलला तरी तो जुना पास रद्द करायची सोय लिहिलेली नसेल तर नवऱ्याच्या फोनवर तिचं खातं उघडंच राहतं. तिला वाटतं आपण कुलूप बदललं, आणि तो मात्र घरातच बसलेला असतो. पासवर्ड बदलताच सगळे पास रद्द करणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी अगदी थोडं काम आहे. पण ते करायला हवं हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं.

नावाचंही तेच. आमच्या तक्त्यात खात्याची ओळख म्हणजे नाव, मधलं नाव आणि आडनाव. मधल्या नावाचा रकाना सक्तीचा, आणि लग्न झालेल्या बाईने तिथे नवऱ्याचं नाव लिहायचं. आमच्याच एका कार्यकर्तीने घटस्फोटानंतर माहेरचं नाव पुन्हा लावलं, तर प्रोग्रामने तिला नवीन व्यक्ती ठरवलं आणि तिच्या जुन्या केसेस 'मालक नाही' अशा दिसू लागल्या. आईचं नाव लावणाऱ्या एका शिकाऊ मुलीचं खातंही असंच अडून बसलं होतं. आता प्रत्येक खात्याला एक नुसता आकडा आहे, ज्याचा नवऱ्याशी, बापाशी, मोबाईलशी किंवा आधारशी संबंध नाही. नाव हा एक साधा रकाना आहे, तिने सांगितलं की बदलतो. बाईची ओळख नवऱ्याच्या नावावर अवलंबून नसावी हे आपण किती वर्षं म्हणत आलो. तेच आता तक्त्यातही म्हणावं लागत आहे.

याला आमच्याच बैठकीत विरोध झाला, तोही मांडते. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "आपली संघटना विश्वासावर उभी आहे. प्रत्येकीचं वेगळं खातं, कुणी काय पाहिलं याची नोंद, ही तर सरकारी कचेरी झाली." त्यांच्या म्हणण्यातली कळकळ मला समजते. नोंदींचा वापर एकमेकींवर पाळत ठेवायला होऊ शकतो, हा धोकाही खरा आहे. म्हणून नोंदी केंद्रप्रमुखानेही एकटीने पाहायच्या नाहीत, तक्रार आली तरच दोघींनी मिळून पाहायच्या, असं आम्ही ठरवलं. पण मावशींना आपला विश्वास वाचवू शकला नाही, हे कसं विसरायचं? वेगळं खातं म्हणजे अविश्वास नव्हे. "हे मी केलं" आणि "हे मी केलं नाही" असं म्हणायचा तो प्रत्येकीचा हक्क आहे. कायदाही तसंच धरून चालतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण जो पासवर्ड सगळ्यांचाच आहे तो 'दुसऱ्याचा' आहे हे कोर्टात कसं दाखवणार?

दुसरा आक्षेप असा, की बायका पासवर्ड विसरतात, दर महिन्याला बदलायला लावला तर चिठ्ठ्या पुन्हा पडद्यावर चिकटतील. हे खरंच आहे, आणि तज्ज्ञांनाही ते पटलेलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 साली सांगितलं, की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. त्यापेक्षा तो लांब असू द्यावा, आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीत तो नाही ना हे तपासावं. आमच्या हिशेबनीस बाईंनी चार साध्या शब्दांचं एक वेडंवाकडं वाक्य निवडलं आहे. आजवर विसरल्या नाहीत.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. पासवर्ड असणं हेच काही घरांत बाईला मार खायला पुरेसं कारण ठरतं. "माझ्यापासून काय लपवतेस?" हा प्रश्न आपण किती केसेसमध्ये ऐकला आहे! म्हणून फोनवरची ती योजना आम्ही सध्या गुंडाळून ठेवली. तारीख विचारायला बाई केंद्रात येते किंवा तिने सांगितलेल्या मैत्रिणीकडे निरोप जातो. प्रत्येक गोष्टीचं खातं उघडलंच पाहिजे असं नाही. जी माहिती साठवलीच नाही, ती चोरीला जात नाही. निवारागृहाचा पत्ता आता कॉम्प्युटरवर नाही. तो पुन्हा लोखंडी कपाटात गेला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. खातं आणि पासवर्ड प्रोग्राममध्ये कसे मांडायचे हा तंत्राचा प्रश्न आहे, तसाच तो सत्तेचाही आहे. कुणाला व्यक्ती मानायचं, कुणाला पाहू द्यायचं आणि शत्रू कुठे आहे असं समजायचं, हे तिथे ठरतं. शत्रू कुठे आहे हे आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग ठरवताना आपण तिथे का नसावं? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण कायदा आपल्या केंद्रातल्या तक्त्याचे रकाने बदलायला येणार नाही.

आपापल्या केंद्रात प्रोग्राम करून देणाऱ्याला हे पाच प्रश्न नक्की विचारा:

1. प्रत्येक कार्यकर्तीचं वेगळं खातं आहे का, आणि काम सोडणाऱ्या कार्यकर्तीचं खातं त्याच दिवशी बंद होतं का?
2. पासवर्ड मीठ घालून दळलेला आहे का, की कुणालाही परत वाचता येतो?
3. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःसाठी मागचं दार ठेवलं आहे का?
4. पासवर्ड विसरल्यावर पुन्हा आत येण्याचा रस्ता नवऱ्याला माहीत असलेल्या गोष्टींवरून जातो का?
5. पासवर्ड बदलला की बाकी सगळे फोन आणि कॉम्प्युटर बाहेर काढले जातात का?

उत्तर समजलं नाही तर "सोप्या मराठीत सांगा" असं म्हणा. डॉक्टरला आणि वकिलाला असं म्हणायला आपण शिकलो, इथेही शिकू.

मावशी परत कामावर आलेल्या नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रोग्राममध्ये तुमच्या नावाचं खातं नाही, म्हणून त्यातल्या कुठल्याही नोंदीचा ठपका तुमच्यावर येऊ शकत नाही. त्यांनी मान डोलावली आणि झाडू उचलला. त्यांना ते कितपत समजलं माहीत नाही, पण आमच्या बाजूने ते सांगणं आवश्यक होतं. तुमच्या केंद्रात काय अनुभव आहे ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा व्हावी असं मला वाटतं.